अठरा हजार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशी अठरा हजार.
मी बोटांवर हिशोब केला.
रोजच्या हजार विड्या धरल्या
तर माझे अठरा दिवस.
मला खूप वाटले.
त्या म्हणाल्या, फार कमी आहेत, आज रात्रीच चढवाव्या लागतील.

भार्गवी सात वर्षांची. डोक्यावर एक केस नाही.
आरशात बघून म्हणते,
अम्मा, मी तिरुपतीला जाऊन आले का?
हसावं लागतं. हसते.

घरात तंबाखू नको. धूळ नको. येणारी-जाणारी नकोत.
विडी घरकुलातल्या दहा बाय बाराच्या खोलीतून
तंबाखू काढली तर उरतं काय?
सूप, कात्री, पत्र्याचं माप, दोऱ्याचं रीळ,
भिजल्या पानांचं ओलं फडकं,
सगळ्याचं बोचकं बांधून दाराबाहेर ठेवलं
आणि उंबऱ्यात बसून राहिले.
हजारी बंद म्हणजे कार्ड बंद.
कार्ड बंद म्हणजे वीस वर्षांचं मी कोण ते बंद.

समोरच्या रहमतबीनं काही विचारलं नाही.
बोचकं उचललं आणि नेलं.

विचारणारे पुष्कळ होते.
कसं झालं, तुमच्यात कुणाला होतं का,
तंबाखूमुळं तर नाही ना?
हे शेवटचं माझ्या जावेनं विचारलं.
तिच्यावर रागवता येत नाही.
रोज रात्री तीन वाजता मीही तेच विचारते.

गल्लीतल्या पाच जणी.
आपली हजारी वळून झाली की
वरच्या दोनशे माझ्या.
नरसव्वाची विडी जाड, तिला आता नीट दिसत नाही.
कलावतीची बारीक, काडीसारखी.
रहमतबी तोंड असं दुमडते
जसं तान्ह्याच्या पायाशी पांघरूण खोचावं.
चिप्पांची सून अजून शिकतेय, तिच्या निम्म्या सुटतात.
पाचवी मागच्या ओळीत राहते.
तिचं नाव मला माहीत नाही.

नवऱ्यानं मागावरचे चौघे आणले रक्तपेढीत,
रात्रपाळी सुटल्यासुटल्या,
भुवयांवर कापसाचा भुगा तसाच.
एकाला परत पाठवलं, वजन भरेना म्हणून.
तो बाहेर बाकावर बसून राहिला,
दिलेला चहासुद्धा घेईना,
जणू त्याचीच काही चूक.

त्या पेशी पाच दिवस टिकतात म्हणे.
आमच्या नळालाही पाचव्या दिवशी पाणी.
त्या दिवशी मी दवाखान्यात असले तर
परतल्यावर पिंप भरलेलं असतं,
वर झाकण, झाकणावर वीट.
कुणी भरलं ते वीट सांगत नाही.

शनिवारी कार्ड घेऊन मीच गेले.
तपासायला बसतो त्याच्या हाताखालून
माझी विडी वर्षानुवर्षं गेलीय.
त्यानं बंडल सोडलं. एक उचलली, दुसरी उचलली.
पाच हात ओळखले असणारच.
सुटल्या तोंडाची एक छाटीत टाकली,
थांबला,
परत उचलून आपल्याच नखानं तिचं तोंड दाबलं.
छाट नाही, म्हणाला, आणि हजार लिहिले.
वर बघितलं नाही.
मी आभार मानले नाहीत.
मानले असते तर दोघांनाही
काहीतरी कबूल करावं लागलं असतं.

बाहेर ऊन चव्वेचाळीस.
खिडकीला ओली चादर, तिच्यामागं भार्गवी,
तोंडावर मास्क, चादरीवरच्या मोरांना नावं ठेवत.
रहमतबी उंबऱ्यापासून चार हात लांब उभी.
किती आल्या आज?
बावीस हजार.
ती जरा थांबली, ओठ हलवले, हिशोब केला.
म्हंजे चार दिवस वाढले की गं, म्हणाली,
आणि साबण मागून घेतला,
कोपरापर्यंत हात धुवायला.